बटण चुकीच्या काजात

पनवेलच्या टपाल नाक्यावरून तळ्याकडे जाताना डाव्या हाताला एक अरुंद दुकान होतं. पाटीवर 'सुमती लेडीज टेलर' असं लिहिलेलं असलं, तरी नव्वद सालानंतर तिथे ब्लाउज टाकलेल्या बायकांना दोन-दोन आठवडे ताटकळावं लागे. कारण मशीनच्या सुईखाली सदानकदा डोंगरावर जाणाऱ्या कुणाची तरी पिशवी अडकलेली असायची.

याची सुरुवात सुमती अधिकारी यांच्या मुलीमुळे झाली. चारुता कॉलेजात गेली आणि 'डोंगरमित्र' नावाच्या मंडळींबरोबर रविवारी गडांवर जाऊ लागली. एकदा प्रबळगडावरून उतरताना तिच्या सॅकचा पट्टा तुटला. पोरीनं ती सॅक बाळासारखी पोटाशी धरून घरी आणली. सुमतीताईंनी तुटलेली शिवण उजेडात धरून पाहिली आणि म्हणाल्या, "ज्यानं हे शिवलंय त्याला याच पट्ट्याला टांगायला हवं." कळंबोलीला ट्रकच्या ताडपत्र्या शिवणाऱ्यांकडून त्यांनी जाड दोरा आणला, पट्ट्याच्या मुळाशी चौकोन शिवला, चौकोनात फुली मारली. पट्टा असा बसला की सॅक फाटली असती, पण पट्टा सुटला नसता. पुढच्या रविवारी चारुताबरोबर तिघंजण आपापल्या सॅक घेऊन दुकानात हजर झाले.

बाईंचा स्वभाव असा, की अंगावर कसं बसतं हे पाहिल्याशिवाय त्या कुठलंही काम पुरं झालं म्हणत नसत. ब्लाउजला ट्रायल असते तशी सॅकलाही हवी, म्हणून वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी त्या स्वतः पाठीवर दहा किलो घेऊन कर्नाळा चढल्या. पहिल्यांदा साडीत, दुसऱ्यांदा पंजाबी ड्रेसमध्ये, आणि तिसऱ्यांदा स्वतः शिवलेल्या सहा खिशांच्या पँटमध्ये. त्या पँटची चर्चा टपाल नाक्यावर महिनाभर पुरली. त्यांचे यजमान यशवंतराव रसायनीच्या कारखान्यात शिफ्टला जायचे. ते म्हणाले, "चला, आता माझ्या पँटी मला घालायला मिळतील. तुझी तुला झाली."

आता खरं सांगायचं, तर डोंगरावर त्यांच्याइतकी काळजी करणारी बाई अख्ख्या तालुक्यात नव्हती. त्यांच्या सॅकमधली प्रत्येक वस्तू दुधाच्या धुतलेल्या पिशवीत असे. पिशवीचं तोंड मेणबत्तीच्या ज्योतीवर धरून बंद केलेलं, आणि वर चिठ्ठी. मोजे वेगळे, स्वेटर वेगळा, काडेपेटी तर दोन पिशव्यांत. गळ्यात कायम शिट्टी. कधीकधी ती काढायची राहून जाई आणि बाई शिट्टीसकट कुकरला शिट्ट्या मोजत उभ्या असत. एकदा कर्नाळ्याच्या जंगलात मोजणी करताना एक गृहस्थ कमी भरले. बाईंनी लगेच तीन लांब शिट्ट्या फुंकल्या. गृहस्थ झुडपामागून जे धावत आले, ते अजून धड आवरलेलेही नव्हते. त्यांनी पुन्हा कधी सुमतीताईंना न सांगता झुडूप गाठलं नाही.

डोंगरमित्रांचे म्होरके होते गुरुदत्त सामंत. बँकेत अधिकारी, वय एक्केचाळीस, उंचेपुरे, आवाज खणखणीत. तीनदा हिमालयात जाऊन आलेले. त्यांची कुठलीही गोष्ट 'आम्ही चौदा हजारावर होतो तेव्हा' इथून सुरू होई आणि ऐकणाऱ्याचा चहा थंड झाल्याशिवाय संपत नसे. माणूस मनानं चांगला होता, कुणाचीही सॅक स्वतःच्या पाठीवर घेणारा. फक्त आपल्याला काही होऊ शकतं, हे त्याला कुणी कधी सांगितलंच नव्हतं.

चौऱ्याण्णव सालच्या दिवाळीनंतर गुरुदत्तांनी जाहीर केलं की डिसेंबरात हिमालयात जायचं. बर्फातल्या शिखरावर. शिखर उत्तरकाशीच्या पलीकडे, साडेबारा हजार फुटांचं. त्याचं नाव तिथल्या तीन माणसांनी तीन तऱ्हेनं सांगितलं होतं, म्हणून पनवेलकरांनी त्याला 'साडेबारा' असंच म्हणायचं ठरवलं. गुरुदत्त धरून नऊ जणांची नावं आली. दहावं नाव सुमतीताईंनी दिलं.

"तुम्ही, ताई?" गुरुदत्त म्हणाले.

"मी शिवलेलं कापड तिथे कसं वागतं ते मला बघायचंय. आणि बर्फ अजून मी फक्त सरबतात पाहिलाय."

मग सामानाच्या याद्या सुरू झाल्या आणि पहिलं भांडण जीनवरून झालं. गुरुदत्तांकडे एक निळी जीन होती, तिच्यावर त्यांचा फार जीव.

"ही चालायची नाही," ताई कापड दोन बोटांत चोळत म्हणाल्या. "सुती आहे. एकदा भिजली की वाळायची नाही, आणि ओलं कापड अंगातली ऊब पिऊन टाकतं. लोकरीची पँट शिवून देते."

"ताई, ही जीन चौदा हजारावर जाऊन आलीय."

"मे महिन्यात."

"हिमालय तोच आहे ना?"

"हिमालय तोच. महिना तो आहे का?"

गुरुदत्त हसले आणि जीन घेऊन घरी गेले. बाकीच्यांना मात्र ताईंनी सोडलं नाही. बूट एक नंबर मोठे घ्यायला लावले, कारण आत दोन मोजे जायला हवेत आणि बोटं हलायला हवीत. घट्ट बुटात रक्त फिरत नाही आणि बोटं आधी गोठतात. बर्फ बुटात जाऊ नये म्हणून घोट्यापासून गुडघ्यापर्यंतची वेष्टणं शिवली, स्कूटरच्या कव्हरच्या कापडाची. पण हे सगळं खरंच चालेल का, ते त्यांना कळेना. पनवेलची थंडी म्हणजे सकाळी कानटोपी आणि दहा वाजता घाम. प्रयोग करायचा कुठे?

वाट दाखवली रंभानं. रंभा बाजारात मासळी विकायला बसायची. तिचे ब्लाउज ताई शिवत आणि ताईंचा पापलेट रंभा बाजूला काढून ठेवी. ताईंचं गाऱ्हाणं ऐकून ती म्हणाली, "आवरी थंडी पायजे तं आमचे मालक हायत ना बरफाच्या कारखान्यात. करंजाला. जाऊन बसा दिसभर."

तर एका सोमवारी दुकान बंद ठेवून सुमतीताई उरणच्या एसटीत बसल्या. हातात स्वतः शिवलेली स्लीपिंग बॅग, पिशवीत चार स्टीलचे तांबे, एक थर्मास आणि कापडाचे तुकडे. यशवंतरावांनी शेजारच्यांना सांगितलं, "लोक उन्हाळ्यात बर्फ आणायला जातात. आमची ही थंडीत बर्फात राहायला गेलीय."

रंभाचा नवरा काशीराम कारखान्याच्या दारातच उभा होता. पायात गमबूट, खांद्यावर गोणपाट, हातात लादी ओढायचा लोखंडी आकडा. त्याच्या बापजाद्यांची मिठागरं. याला मात्र उन्हाऐवजी गारव्यातली नोकरी मिळाली होती, आणि वीस वर्षांत त्याला गारव्याची नसन् नस कळली होती. त्यानं ताईंना लाद्या ठेवायच्या खोलीत नेलं. दार उघडताच आतून धुरासारखी वाफ पायांवर आली.

ताईंनी चारही तांब्यांत थर्मासमधलं गरम पाणी ओतलं. एकाला कोरडं सुती कापड गुंडाळलं, दुसऱ्याला ओलं सुती, तिसऱ्याला ओली लोकर, चौथ्याला ओली लोकर आणि वरून वारा अडवणारं कापड. मग स्लीपिंग बॅगेत शिरून, लाद्यांच्या मधोमध गोणपाटावर, घड्याळ बघत बसल्या. काम करणारे येता-जाता थबकत. एकानं हळूच विचारलं, "काशीदादा, ही बाय कुनावं रुसून आलीय काय?"

अर्ध्या तासानं त्यांनी बोट बुडवून पाहिलं. ओल्या सुती कापडातलं पाणी विहिरीसारखं गार. चौथ्या तांब्यातलं अजून आंघोळीला चाललं असतं. ताईंना इतका आनंद झाला की त्या बॅगेतून उठायच्या ऐवजी बॅगेसकट उभ्या राहिल्या आणि पडता पडता वाचल्या.

काशीरामनं त्यांना हात दिला, बाहेर आणलं, चहा पाजला. ताई पेला धरायला गेल्या तो त्यांच्या बोटांतून निसटता निसटता राहिला.

"बघा," काशीराम म्हणाला. "आदी बोटां जातान. मंग जीभ. मंग डोकां. आमी काय करतू, आतल्या मानसाला सांगतू, गोनपाटाची गाठ मारून दाखव. गाठ नाय आली का त्याला भायेर काढाचा. तो नाय बोलंल. सगलेच नाय बोलतान. 'मना काय झालां नाय' असाच बोलतान. त्याचा आयकाचा नाय."

"आणि ऐकलं तर?"

"एक होता. बसला आतमंदी. आमी भायेर काढला तवा हसत व्हता." काशीरामनं चहाचा घोट घेतला. "वाचला. पन दोन बोटां गेली."

डिसेंबरात मंडळी निघाली. देहरादूनहून दिवसभर बस, पुढे जीप, मग चालणं. बरोबर तिथलेच दोघे भाऊ वाटाडे, बलबीर आणि जयपाल. देवदारांच्या रानात पहिल्यांदा बर्फ लागला तेव्हा सुमतीताई खाली वाकल्या, मूठभर उचलला, आणि मिताली नावाची कॉलेजात शिकवणारी मुलगी शेजारी होती, तिला म्हणाल्या, "अगं, याला वास नाही! करंजाच्या बर्फाला मासळीचा वास येतो."

दोन मुक्काम करत ते साडेदहा हजारांवरच्या एका गुराख्याच्या लाकडी झोपडीपाशी पोचले. उन्हाळ्यात गुरं आणि गुराखी, हिवाळ्यात रिकामी. तिसऱ्या दिवशी फटफटल्यावर शिखराकडे निघायचं ठरलं. झोपडीच्या दारात ताईंनी सगळ्यांना रांगेत उभं केलं, मोजे तपासले, वेष्टणं तपासली. गुरुदत्त जीनमध्येच होते. वरून चामड्याचं जाकीट.

"आत काय घातलंय?"

"बनियन आणि शर्ट. ताई, चालायला लागलं की गरम होतं."

"तेच तर म्हणते. गरम झालं की जाकीट काढा. घाम येऊ देऊ नका."

गुरुदत्तांनी मान डोलावली आणि सर्वांत पुढे जाऊन बर्फात पायऱ्या पाडायला लागले. हे काम मेहनतीचं. मागच्यांना तयार पावलांत पाय ठेवायचे असतात, पुढच्याला गुडघाभर बर्फ तुडवायचा असतो. बलबीर म्हणाला, मी पुढे होतो. गुरुदत्तांनी ऐकलं नाही. तासभर त्यांचा आवाज दरीत घुमत होता. चौदा हजारावरची एक लांबलचक गोष्ट चालू होती, तंबूत शिरलेल्या खेचराची. जाकीट त्यांनी काढलं नाही, नुसती बटणं सोडली. मानेवरून घाम आत चालला होता आणि जीन मांडीपर्यंत काळी झाली होती.

झाडं संपली आणि डोंगराच्या उघड्या सोंडेवर वारा लागला. फार नाही, पण चाकूसारखा. सगळे चिक्की खायला थांबले. ताई सर्वांत मागून पोचल्या आणि त्यांना काहीतरी कमी वाटलं. त्यांनी सवयीनं माणसं मोजली. दहाच्या दहा होती. मग लक्षात आलं, की कमी होता तो आवाज. खेचर तंबूत शिरलं होतं आणि गुरुदत्तांनी गोष्ट तिथेच सोडून दिली होती.

"सामंत, मग त्या खेचराचं काय झालं?"

गुरुदत्तांनी त्यांच्याकडे पाहिलं. "कुठलं खेचर?"

आता ताईंनी त्यांच्याकडे शिंपिणीच्या नजरेनं पाहिलं. चामड्याच्या जाकिटाची बटणं एक घर सोडून लागली होती. तिसरं चौथ्या काजात, चौथं पाचव्यात, खाली एक बटण उपाशी आणि वर एक काज रिकामं. एरवी बँकेत कडक इस्त्रीनं जाणारा माणूस. उजव्या हातातला हातमोजा बर्फात पडला होता आणि तो पडल्याचं त्यांना ठाऊक नव्हतं.

"वरचं बटण काढून नीट लावा बरं."

"असू दे हो."

"लावा. मला ते बघवत नाही."

गुरुदत्त हसत बटणाशी खेळायला लागले. बोटं बटणावर जात आणि घसरत. पाच वेळा, सहा वेळा. मग त्यांनी हात खाली सोडला आणि म्हणाले, "बटनच... वाईट आहे." जीभ जड झाली होती.

सुमतीताईंनी वर पाहिलं. त्यांना सोंडेच्या टोकाला ते शिखर दिसत होतं, उन्हात, तासा-दीड तासावर. आणि त्यांना तिथे जायचं होतं. फार जायचं होतं. आयुष्यात दुसऱ्यांदा कोण त्यांना इथवर आणणार होतं?

"सामंतांना घेऊन खाली जायचं," त्या म्हणाल्या. "आत्ता."

एकच गलका झाला. मिताली म्हणाली, "ताई, जरा दम लागला असेल." गुरुदत्त म्हणाले, "मला काहीही झालेलं नाही. लीडर मी आहे." आणि उठायला गेले ते पुन्हा बसले. ताई बलबीरकडे वळल्या आणि आपल्या मोडक्या हिंदीत म्हणाल्या, "इनका बटन नहीं लगता. ये ठंडा हो गया है अंदर से." बलबीरनं गुरुदत्तांचा हात हातात घेतला, डोळ्यांत पाहिलं. "दीदी ठीक कह रही हैं. साहब नीचे जाएँगे."

मग जे झालं ते गुरुदत्तांना पुढे आठवलं नाही, हे एक बरंच झालं. ताईंनी चौघांना वाऱ्याच्या बाजूला भिंतीसारखं उभं केलं, बँकेच्या अधिकाऱ्याला लहान मुलासारखं "हात वर" सांगितलं आणि ओला शर्ट, ओलं बनियन काढून टाकलं. सॅकमधली दुधाची पिशवी दातांनी फाडली. कोरडा लोकरी स्वेटर निघाला, तो त्यांना घातला. मग स्वतःचा दुसरा, मग कानटोपी. जीनवरून स्वतःची जादा लोकरी पँट चढवली, ती पोटरीपर्यंतच आली. थर्मासमधलं गरम साखरपाणी घोटाघोटानं पाजलं. मिताली कुणी न सांगता गुरुदत्तांची बोटं आपल्या काखेत धरून बसली होती.

ठरलं असं, की जयपाल, ताई आणि गुरुदत्त खाली जातील; बाकीच्यांनी बलबीरबरोबर वर जावं, दुपारी बाराला जिथे असतील तिथून फिरावं.

उतरताना गुरुदत्तांना झोप येत होती. ते दोनदा बर्फात बसले आणि "पाच मिनिटं" म्हणाले. एका बाजूनं जयपालनं धरलं होतं, दुसऱ्या बाजूनं ताई पाढे म्हणायला लावत होत्या. "बँकेतले ना तुम्ही? सतराचा म्हणा." सत्रा त्रिक एक्कावनला गाडी अडली. "पुन्हा. सत्रा एके..." पुन्हा अडली. ताईंनी अख्खी उतरण सतराच्या पाढ्यावर काढली. देवदारांत शिरल्यावर वारा थांबला, आणि गुरुदत्तांना हुडहुडी भरली, दात कडाकडा वाजायला लागले. जयपाल हसला. "अच्छा है. अब काँप रहे हैं, बदन जाग रहा है." झोपडीत चूल पेटली. तासाभरानं गुरुदत्त एकोणतीसचा पाढा न चुकता म्हणाले आणि लगेच चिडले.

"तुम्ही मला परत आणलंत! इतक्या जवळून!"

ताईंना इतकं हायसं वाटलं की त्या भिंतीला टेकून बसल्या. चिडलाय म्हणजे वाचला.

तीन वाजता बाकीचे परत आले. गाल लाल, डोळे चमकणारे. वर वारा मुळीच नव्हता म्हणे. उन्हात बसून संत्री खाल्ली, फोटो काढले, मितालीनं तर बर्फात नाव लिहिलं. एवढं चांगलं हवामान बलबीरनं दहा वर्षांत पाहिलं नव्हतं.

"तुम्ही आता कसे आहात सर?" कुणीतरी विचारलं.

"मी? मला काय झालंय?" गुरुदत्त म्हणाले. "जरा दम लागला होता, इतकंच. ताई थकल्या होत्या. त्यांना एकटं खाली पाठवणं बरं दिसेना, म्हणून मीही आलो."

सुमतीताईंच्या हातात चुलीत सारायचं लाकूड होतं. ते तसंच राहिलं. मितालीनं त्यांच्याकडे पाहिलं. ताईंनी लाकूड चुलीत सारलं आणि म्हणाल्या, "चहा घ्या सगळ्यांनी. उकळतोय."

का बोलल्या नाहीत, हे त्यांना स्वतःलाही नीट सांगता आलं नसतं. समोर तो माणूस त्यांचा स्वेटर घालून, पोटरीपर्यंतची पँट घालून बसला होता. त्याच्याकडून आणखी काय काढून घ्यायचं?

ताईच बोलेनात म्हणून बाकीच्यांनीही तोंड उघडलं नाही. पनवेलला मात्र सामंतांची गोष्ट वाऱ्यासारखी पसरली. सामंतांनी शिखर सोडलं, कुणासाठी तर शिंपिणबाईंसाठी! केवढा त्याग! भाजीवाल्यापासून बँकेच्या शिपायापर्यंत सगळे ताईंना सांगू लागले, "या वयात कशाला असलं धाडस?" रंभासुद्धा बाजारात म्हणाली, "बाय, तुमी दमलात म्हंतात?" घरी यशवंतरावांना खरं ठाऊक होतं. ते चौथ्या दिवशी म्हणाले, "मी जाऊन त्याला सतराचा पाढा विचारून येऊ का?"

"काही नको. बरा आहे, बस झालं."

"आणि तुझं काय?"

"माझे ब्लाउज तुंबलेत," ताई म्हणाल्या. पण त्या दिवशी त्यांनी एका बाहीला उलटी शिवण मारली आणि उसवत बसल्या.

फेब्रुवारीत एका शाळेच्या हॉलमध्ये मोहिमेच्या स्लाइड दाखवायचा कार्यक्रम झाला. खुर्च्या भरल्या. ताई शेवटच्या रांगेत यजमानांशेजारी. गुरुदत्त पडद्याशेजारी काठी घेऊन बोलत होते. आवाज पहिल्यासारखा खणखणीत, गोष्टी पहिल्यासारख्या लांब. शिखरावरची स्लाइड आली, टाळ्या पडल्या. मग पहिल्या रांगेतून सत्यवतीबाई नावाच्या एक वयस्कर बाई उभ्या राहिल्या. त्यांचा मुलगा पुढच्या वर्षी जाणार होता.

"मला एवढंच सांगा," त्या म्हणाल्या. "माणसानं परत कधी फिरायचं, ते त्याचं त्याला कळतं का हो?"

गुरुदत्तांनी काठी खाली ठेवली.

"नाही," ते म्हणाले. "त्याचं त्याला कळत नाही. आमच्यातल्या एकाला तिथे थंडी बाधली होती. त्याला बटण लावता येत नव्हतं. तो म्हणत होता, मला काही झालं नाही. त्याला खरंच तसं वाटत होतं. शेजारच्यानं पाहिलं म्हणून तो आज..." ते थांबले.

"कोण होता तो?" कुणीतरी अंधारातून विचारलं.

"मी. सुमतीताई थकल्या नव्हत्या. त्या आरामात वर जाऊन आल्या असत्या. मला खाली आणायला त्यांनी शिखर सोडलं, आणि मी खाली येऊन खोटं बोललो."

सगळ्या माना मागे वळल्या. सुमतीताईंना वाटलं, आत्ता खुर्चीखाली जाता आलं तर बरं. कान तापले. यशवंतराव त्यांच्या कानाशी कुजबुजले, "आता टाळी वाजवू का?"

"गप्प बसा," ताई म्हणाल्या. पण तोवर मितालीनं वाजवायला सुरुवात केली होती.

सोमवारी दुकान उघडल्या उघडल्या गुरुदत्त आले. मापाची टेप त्यांनी स्वतःच उचलून ताईंपुढे धरली. "लोकरीची पँट," ते म्हणाले. "खिसे चार."

"दोनच मिळतील. खिसे जास्त झाले की तुम्ही त्यात हात घालून उभे राहता. सरळ उभे राहा."

दोघांमध्ये त्या विषयावर एवढंच बोलणं झालं.

पंच्याण्णवच्या डिसेंबरात मंडळी पुन्हा साडेबाराला निघाली, ताईंसह. या वेळी झोपडीपाशी पोचतानाच आभाळ दुधासारखं झालं होतं. सकाळी बर्फ पडत होता, पाच हातांपलीकडचं झाड दिसत नव्हतं. तरण्यांपैकी दोघांचं म्हणणं, थोडं वर जाऊन तरी पाहू. ताईंनी तोंड उघडायच्या आत गुरुदत्त म्हणाले, "नाही. सामान बांधा." कुणी कुरकुरलं, तेव्हा म्हणाले, "चिडा खुशाल. चिडलेली माणसं मला आवडतात."

दोन दिवस रस्ता बंद राहिला आणि ते खालच्या गावात बलबीरच्या घरी राजमा-भात खात बसले. ताईंनी बलबीरच्या बायकोचा फाटका कोट उसवून पुन्हा शिवून दिला. ते शिखर पुढेही त्यांच्या वाट्याला आलं नाही. गुरुदत्तांच्याही नाही. नंतरच्या वर्षांत त्यांनी पाठवलेली कितीतरी पोरं मात्र वर जाऊन आली, लोकरीच्या पँटमध्ये.

पनवेल स्टँडवर उतरून ताई घरी पोचल्या तेव्हा यशवंतराव सकाळच्या शिफ्टहून नुकतेच आले होते.

"काय, पोचलीस का या खेपेला?"

"नाही."

"मग दहा दिवस केलंत काय?"

ताईंनी सॅक खाली ठेवली, बुटांच्या नाड्या सोडायला वाकल्या. "बर्फ पडताना पाहिला. अगदी आवाज न करता पडतो. मला कुणी सांगितलंच नव्हतं."

यशवंतरावांनी आत जाऊन चहाचं आधण ठेवलं आणि आतूनच विचारलं, "अजिबात आवाज नाही?"

"अजिबात नाही."